‘मायेची ऊब’ आणि टीकाकारांची झोंप

शब्दांचा एक उपयोग विचार प्रकट करण्याकडे होतो व दुसरा विचार टाळण्याकडे होतो. या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांत ‘मायेची ऊब’ या जोडीस हल्लीं अग्रस्थान द्यावें लागेल. आजीच्या ट्रंकेंतील जुनीं लुगडीं, आईच्या शिवणाच्या डब्यांतील रिळें आणि गुंड्या, बापाच्या विटलेल्या सदऱ्याच्या बाह्या, थोरल्या बहिणीच्या परकराचा घोळ यांवरून कोणा बाईनें एखादी गोधडी, भिंतीवर टांगावयाचा एखादा पट किंवा कापडाच्या पानांचें पुस्तक तयार केलें आणि तें प्रदर्शनांत मांडलें, कीं दुसऱ्या दिवशीं त्याचा वृत्तांत लिहिणारे गृहस्थ ‘मायेची ऊब’ हे दोन शब्द लिहून मोकळे होतात. त्या कृतींत रंगांची मांडणी कशी होती, टांके कोणते व कशासाठीं घातले होते, कोणता तुकडा कोठें आणि कां ठेवला होता, कोठें साधलें आणि कोठें फसलें, यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर त्या वृत्तांतांत सांपडत नाहीं. सांपडावें तरी कसें ? प्रश्नच पडलेला नसतो. गोधडी अंगावर घेतली म्हणजे झोंप येते हें आम्हांस ठाऊक होतें. ती नुसती पाहूनही टीकाकारांस झोंप लागते, हा शोध मात्र अलीकडचा आहे.

आम्हांस जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत असें. वडिलोपार्जित कापड आणि शिवणाचें साहित्य यांवरून केलेली कृति, इतर कोणत्याही कृतीप्रमाणें, नीट पाहून, तिच्या गुणदोषांसह व तिच्या कर्त्रीच्या नांवासह विचारांत घेतली पाहिजे. तिला तुच्छ लेखणारे तिचे शत्रु आहेतच. परंतु त्यांच्याहून अधिक घात तिला ‘आठवण’ म्हणून डोक्यावर घेणारे करीत आहेत. तुच्छ लेखणारा निदान वाद घालतो. डोक्यावर घेणारा डोळे पुसतो, आणि डोळे पुसण्याच्या गडबडींत पाहण्याचें काम राहून जातें.

हा वाद आजच कां उकरून काढावा, असें कोणी विचारील. त्यास कारण आहे. नऊ वारांचें सुती लुगडें वर्षानुवर्षें नेसलें, धुतलें, उन्हांत वाळविलें म्हणजे त्याचा ताठा जाऊन त्यास जें मऊपण येतें, तें कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं; तें एका बाईच्या आयुष्यानें त्यांत उतरविलेलें असतें. सुई अशा कापडांत लोण्यांत शिरावी तशी शिरते. नायलॉन आणि पॉलिएस्टर यांचीं पातळें घरोघर आलीं तेव्हां हा क्रम तुटला. तें कापड घाम टिपीत नाहीं, थरांत टिकून बसत नाहीं, निसटतें. त्याची गोधडी अंगास चिकटते, पण मायाळू होत नाहीं. १९८२ सालच्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्यांना उतरती कळा लागून एकामागून एक गिरणी बंद पडली, आणि बाजारांत स्वस्त ब्लँकेटांचे ढीग आले. त्यामुळें आज जुन्या ट्रंकांच्या तळाशीं जीं सुती लुगडीं घडी घालून पडलीं आहेत, त्यांतील बहुतेक ही त्या जातीची शेवटली शिल्लक होय. हा सांठा पुन्हां भरून येणारा नाहीं. एकदां त्यावर कातर चालली कीं चालली. असें असतां त्या कातरीनें काय साधलें हें विचारावयाचें नाहीं, कापणारीचे अश्रु मोजून स्वस्थ बसावयाचें, ही वृत्ति उदारपणाची नसून उधळपट्टीची आहे.

आतां पहिल्या पक्षाचा समाचार घेऊं. त्याचें म्हणणें सर्वांच्या परिचयाचें आहे. गोधडी ही काटकसर आहे, कला नव्हे. फाटकें टाकवत नाहीं म्हणून जोडलें, थंडी वाजते म्हणून पांघरलें. यांत सौंदर्यदृष्टि शोधणें म्हणजे गोवऱ्यांच्या हुडव्यांत शिल्प शोधणें होय. गरजेंतून जन्मास आलें तें कलेंत जमा नाहीं, हा न्याय एकदां मान्य केला, तर कुंभाराचा घट, घाटाच्या पायऱ्या, वाड्याची चौकट आणि गडाचा दरवाजा या सर्वांची कलेच्या प्रांतांतून हकालपट्टी करावी लागेल. कारण पाणी सांठविणें, नदींत उतरणें, घरांत शिरणें आणि शत्रूस अडविणें याही गरजाच होत्या. हा न्याय पुरुषांच्या हातच्या वस्तूंस कोणी लावीत नाहीं. तो नेमका सुईपाशींच कां आठवावा, याचें उत्तर वाचकांनींच द्यावें.

चिंध्यांच्या जोडकामाकडे रचना म्हणून पाहण्याची दृष्टि पश्चिमेकडून उसनी आणलेली आहे, असाही एक समज आहे. तोही चुकीचा आहे. टाकून दिलेल्या कापडाचें भिक्षूचें चीवर, ज्यास पालींत पांसुकूल म्हणतात, तें बौद्ध संघाच्या आरंभापासून चालत आलें आहे. विनयपिटकांतील महावग्गांत अशी कथा आहे कीं, मगधांतील बांधांनीं आंखलेलीं भातखाचरें दाखवून बुद्धांनीं आनंदास विचारिलें, भिक्षूंचीं चीवरें अशीं करतां येतील काय ? आनंदानें त्या आकृतीप्रमाणें तुकडे जोडून चीवरें सिद्ध केलीं आणि बुद्धांनीं त्याच्या बुद्धीची वाखाणणी केली. विरक्त माणसाच्या अंगावरच्या चिंध्यांसही आकृति असावी, ती भोंवतालच्या भूमीकडे पाहून घ्यावी, आणि जोडणाराच्या बुद्धीचें कौतुक व्हावें, या तिन्ही गोष्टी त्या एका कथेंत आहेत. आमच्या आजच्या टीकाकारांस त्यांतील तिसरी गोष्ट अद्यापि शिकावयाची आहे.

गोधडी कशी होते हें ज्यानें एकदां लक्षपूर्वक पाहिलें असेल तो तिला नुसती काटकसर म्हणणार नाहीं. लुगडें सर्व ठिकाणीं सारखें झिजत नाहीं. बसण्याउठण्याचा ताण जेथें पडतो तेथें तें आधीं विरतें; काठांची वीण दाट, म्हणून ते शेवटपर्यंत तग धरतात. तेव्हां कोणता भाग वरच्या अंगास घ्यावयाचा, कोणता पोटांत थर म्हणून घालावयाचा आणि कोणत्या काठाची चौकट करावयाची, हा पहिला निर्णय. विटलेल्या हिरव्याशेजारीं न विटलेला जांभळा ठेवावा कीं मध्यें एखादी पांढरी धांदोटी घालून दोघांस दूर करावें, हा दुसरा. मग धांवदोरा. तो सर्व थरांतून आरपार गेला पाहिजे. ओळी विरळ पडल्या तर आंतले थर सरकून गोळा होतात; फार दाट पडल्या तर गोधडी पत्र्यासारखी ताठ होते आणि अंगावर बसत नाहीं. कोठें या ओळी सरळ जातात, कोठें कडेपासून मध्याकडे चौकोनी फेरे घेत येतात. त्या ओळींनीं कापडावर ज्या बारीक खाचा आणि उंचवटे उठतात, त्यांवर तिरपा उजेड पडला म्हणजे नांगरलेल्या शेताचें रूप येतें. हें सर्व मापपट्टीवांचून, कागदावरील आराखड्यावांचून, बहुधा उन्हाळ्याच्या दुपारीं, दहा कामांच्या मध्यें घडतें. यांतील प्रत्येक पायरीवर एक निवड आहे. निवड जेथें आहे तेथें बरेंवाईट आहे. आणि जेथें बरेंवाईट आहे तेथें टीकाशास्त्राचा अधिकार सुरू होतो.

या कामास व्याकरणही आहे. कर्नाटकांत उत्तर कन्नड जिल्ह्यांतील शिद्दी स्त्रिया जी ‘कवंडी’ शिवतात, ती एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेनें आंत आंत येत मध्याशीं मिटते; आणि तिच्या कोपऱ्यांस दुमडलेल्या कापडाचीं त्रिकोणी ‘फुलें’ लावलीं नाहींत तर ती नागडी दिसते असें त्या मानतात. पांघरुणाच्या उबेंत त्या फुलानें एका अंशाचीही भर पडत नाहीं. मग तें कां हवें ? ज्या वस्तूस गरजेनें जन्म दिला ती गरज भागल्यावरही अपुरी वाटते, या अपुरेपणाच्या जाणिवेचेंच दुसरें नांव कला आहे. पहिल्या पक्षास इतकें उत्तर पुरे.

दुसरा पक्ष अधिक गोड बोलतो, म्हणून अधिक धोक्याचा आहे. तो म्हणतो : या कृतींत आठवण आहे, आणि आठवण हीच तिची कला, आजीचा हात त्या कापडास लागला होता, एवढें कळलें म्हणजे आणखी काय पाहावयाचें?

या म्हणण्याची परीक्षा करण्यास आमच्याच खेड्यांतील एक वहिवाट पुरेशी आहे. ज्या घरांत शिवणारा हात नसे किंवा त्यास सवड नसे, तेथें दारोदार फिरून मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका येत. कांहीं ठिकाणीं अद्यापि येतात. घरची मंडळी जुन्या कापडांचें गांठोडें पुढें टाकीत. ती बाई ओसरीवर बसून तें निवडी, पसरी, आणि गोधडी शिवून मजुरी घेऊन पुढच्या गांवीं जाई. आतां सांगा : आठवण त्या घराची, हात परक्या बाईचा. आजी कोण, आजोबा कोण, कोणतें लुगडें कोणत्या लग्नांतलें, यांतील एक अक्षरही तिला ठाऊक नाहीं. तरी तिच्या हातची गोधडी सुंदर होत असे. आणि एखाद्या घरांतील प्रेमळ सुनेनें सासूच्या सर्व आठवणी मनांत आणून शिवलेली गोधडी वेडीवांकडी होत असे. आठवण हीच जर कला, तर सुनेची गोधडी श्रेष्ठ ठरली पाहिजे. ती तशी ठरत नाहीं हें प्रत्येक घरास माहीत असतें. फक्त तोंडावर कोणी म्हणत नाहीं. जो विवेक स्वयंपाकघरांत आहे तो कलादालनांत शिरतांच कां मावळावा ?

वाङ्मयाच्या प्रांतांत हा घोटाळा आम्ही केव्हांच निस्तरला आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं तीं मराठींतील श्रेष्ठ गद्यांत गणलीं जातात. तीं कां ? त्यांच्यापाशीं आठवणी होत्या म्हणून ? आठवणी कोणापाशीं नसतात ? दुःखें, देशांतरें, सासुरवास आणि नवऱ्याच्या लहरी या त्या काळच्या असंख्य स्त्रियांच्या वांट्यास आल्या होत्या. त्यांतून काय सांगावें, काय गाळावें, कोठें हंसावें आणि कोठें एका वाक्यांत थांबावें, हें लक्ष्मीबाईंस कळलें. म्हणून त्या आठवणींचें वाङ्मय झालें. पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचीही तीच गोष्ट. दिनकर केळकर यांनीं अकालीं निवर्तलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें नांव त्यास दिलें, आणि १९७५ सालीं तें महाराष्ट्र शासनाच्या हवालीं केलें. त्या संग्रहाच्या मुळाशीं एका बापाचें दुःख आहे हें खरें. पण दिवे, अडकित्ते, दौती आणि वस्त्रें पाहतांना जें आपणांस खिळवून ठेवतें तें ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या त्या गृहस्थाच्या नजरेचें सामर्थ्य आहे. दुःखानें माणूस कामास लागतो. काम चांगलें होतें तें नजरेनें आणि हातानें.

याच कसोटीवर जगांतील दोन थोर वस्त्रकृति घांसून पाहूं. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत, नदीच्या एका वळणांत, ‘जीज बेंड’ नांवाची वस्ती आहे. पूर्वींच्या गुलामांचे वंशज तेथें शेती करून राहत. तेथील मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला तेव्हां, १९४२ सालीं, तिनें त्याचे शेतांत कामावर घालावयाचे कपडे घेऊन आपल्या मुलीच्या मदतीनें त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि तिच्याखालीं निजावें, हाच तिचा हेतु होता. इतकें ऐकून डोळे पुसणारांनीं रुमाल काढला असेल. त्यांनीं तो क्षणभर बाजूस ठेवावा. त्या वस्तींत कामाच्या कपड्यांवरून ज्या गोधड्या झाल्या, त्यांत खिसा उसवल्यावर त्याखालीं राहिलेला गडद चौकोन, गुडघ्याशीं पांढरी पडलेली जागा, मातीनें करडा झालेला निळा, या खुणा झांकून टाकलेल्या नसतात. त्यांचाच रंगासारखा उपयोग केलेला असतो. मोठमोठ्या पट्ट्या, अगदीं मोजके रंग, आणि सरळ जाणारी रेघ जेथें किंचित् वांकते तेथें ती तशीच वांकूं देण्याचा धीटपणा, यांमुळें त्या भिंतीवरही उभ्या राहतात. ज्यास त्या मेलेल्या नवऱ्याचें नांव ठाऊक नाहीं, त्याचेंही पाऊल त्यांच्यापुढें अडतें. ही खरी परीक्षा. कथा ऐकल्यावर कृति मोठी होत असेल तर होवो. पण कथा काढून घेतल्यावर ती कोसळत असेल, तर मुळांत कृति नव्हतीच, केवळ कथा होती.

दुसरें उदाहरण लुईझ बूर्झ्वा हिचें. १९११ सालीं फ्रान्समध्यें जन्मलेल्या आणि २०१० सालीं न्यूयॉर्कमध्यें वारलेल्या या शिल्पकर्त्रीच्या आईबापांचा जुने भिंतपट दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता. सुई तिच्या घरांतच होती. नव्वदीच्या सुमारास, २००२ सालीं, तिनें लग्नाच्या वेळच्या सनाच्या हातरुमालांचीं पानें करून, त्यांवर आयुष्यभर सांठविलेल्या कपड्यांचे तुकडे जोडून एक पुस्तक केलें. कांहीं रुमालांवर तिच्या नांवाचीं आद्याक्षरें भरलेलीं आहेत. आणि त्या पुस्तकास तिनें नांव काय दिलें ? ‘विस्मृतीचें स्तोत्र’ अशा अर्थाचें ! आमच्या वृत्तांतकारांच्या हातीं तें पुस्तक पडतें तर त्यांनीं मुखपृष्ठ न वाचतांच ‘आठवणींचा ठेवा’ असा मथळा दिला असता. ज्या बाईनें आपला सगळा भूतकाळ कातरला, तिला तो जपावयाचा होता कीं उतरवून ठेवावयाचा होता, हा प्रश्न त्यांस शिवला नसता.

आणि आतां त्या कृतींविषयीं, ज्यांच्यावर ‘मायेची ऊब’ हें पांघरूण घालून त्यांचें उघडेपण झांकण्यांत येतें. आजीच्या डब्यांतील गुंड्या चौकटींत चिकटविल्या, अंगुस्तान मध्यभागीं टांगलें, भोंवतीं जुन्या लेसची झालर लाविली, खालीं चार ओळींचें हृदयस्पर्शी टिपण डकविलें, म्हणजे वस्त्रकला झाली, असा एक समज बळावत आहे. यांत टांका एक नाहीं, आणि असलाच तर तो कापडास कांहीं करीत नाहीं. शिवणाचा डबा हा शिवण्यासाठीं असतो. त्यांतील मेणाचा तुकडा दोरा गुळगुळीत व्हावा म्हणून होता. मापाची फीत अंगास बेतावें म्हणून होती. अर्धवट संपलेलें रीळ उरलेलें अर्धें वापरावें म्हणून ठेविलें होतें. या वस्तूंस देव्हाऱ्यांत बसविणें हा त्यांचा सन्मान खास नव्हे. ज्या बाईनें जन्मभर त्या वापरल्या तिचें कसब शिकून घेण्याची तसदी वांचविण्याचा तो एक सभ्य मार्ग आहे. वारसा डब्याचा मिळतो. हाताचा मिळवावा लागतो.

येथें आमच्यावर निष्ठुरतेचा आरोप येईल. मेलेल्या आजीच्या लुगड्यावरही टीका करावयाची काय, असें विचारणारे विचारतील. आमचें उत्तर साधें आहे. ती वस्तु घरांत, पलंगावर, नातवाच्या अंगावर असेल तोंपर्यंत तिच्यासंबंधीं अवाक्षर काढण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तेथें प्रेम हेंच शेवटलें न्यायासन. परंतु ती कलादालनांत मांडली, तीस किंमत लाविली, तिच्यावर लिहा म्हणून निमंत्रण धाडलें, कीं ती लोकांची झाली. एखादा कवि मुलाच्या मृत्यूवर विलापिका लिहून छापतो तेव्हां आम्ही तिचें वृत्त, तिची भाषा, तिची रचना पाहतों. त्याच्या दुःखाविषयीं शंका घेत नाहीं. दुःख खरें आणि कविता कच्ची, असें म्हणण्यांत कोणाचाही अपमान होत नाहीं. उलट, दुःख खरें आहे म्हणून कविता चांगलीच म्हणावयाची, यांत कवीस आपण लहान मूल समजतों. वस्त्रकर्त्रींस आजवर हीच वागणूक मिळत आली आहे. त्यांच्या पाठीवरून हात फिरविला जातो. त्यांच्याशीं बरोबरीनें बोललें जात नाहीं.

या पाठीवरून हात फिरविण्याचें एक फळ असें कीं, करणारीचें नांव नाहींसें होतें. ‘आई’ हें नातें आहे, नांव नव्हे. ‘माजघरांतील अनामिक हात’ हें वाक्य ऐकावयास रम्य. पण हात अनामिक नसतात, ते आपण अनामिक ठेवतों. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत १९७१ सालीं अमेरिकन गोधड्यांचें एक गाजलेलें प्रदर्शन भरलें. त्यांत त्या अमूर्त चित्रांसारख्या टांगल्या होत्या, त्यांच्या रेखारंगांची वाहवा झाली. पण बहुतेक गोधड्यांच्या करणारणींचें नांव तेथें नव्हतें. २००२ सालीं ह्यूस्टन येथें, व नंतर त्याच व्हिटनींत, जीज बेंडच्या गोधड्या मांडल्या गेल्या, तेव्हां प्रत्येकीचें नांव लिहिलें गेलें; २००६ सालीं त्यांचीं चित्रें अमेरिकेच्या टपाल तिकिटांवरही आलीं. नांव मिळालें म्हणजे हक्काचा प्रश्न उभा राहतो. २००७ सालीं त्यांतील कांहीं स्त्रियांनीं आपल्या कामाच्या उत्पन्नाचा योग्य वांटा मिळाला नाहीं म्हणून न्यायालयांत दावे लाविले, आणि पुढल्या वर्षीं ते मिटले. त्या दाव्यांत कोणाचें खरें होतें हें ठरविण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. एवढेंच लक्षांत घ्यावयाचें कीं, ‘मायेची ऊब’ दावा लावूं शकत नाहीं; नांव असलेली बाई लावूं शकते. ही ऊब कित्येकांस इतकी प्रिय कां, याचें एक कारण यांत सांपडेल.

आणि आमच्या देशांत नांव घालण्याची चाल नव्हती, असेंही कोणी म्हणूं नये. बंगाल्यांत जुन्या साड्यांचे थर घेऊन, त्यांच्याच काठांतून उसवून काढलेल्या रंगीत दोऱ्यांनीं ‘कांथा’ शिवतात. कापडही वारशाचें आणि दोराही वारशाचा, असें हें काम. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्यानें (१८८२–१९४१) खेडोपाडीं फिरून अशा कांथा जमविल्या. त्या कोलकात्याजवळील त्यांच्या नांवाच्या संग्रहालयांत आहेत. त्यांत मानदासुंदरी दासी नांवाच्या स्त्रीची एकोणिसाव्या शतकांतील एक कांथा आहे. ती तिनें आपल्या वडिलांसाठीं केली, आणि ती स्वहस्तें केल्याचें तिनें सुईनेंच त्या कापडांत लिहून ठेविलें. वडिलांवरील भक्ति आणि स्वतःच्या हाताचा अभिमान, या दोहोंत तिला कांहींच विरोध दिसला नाहीं. विरोध दिसतो तो आमच्या वृत्तांतकारांस. माया म्हटली कीं कर्तृत्वाचें नांव घेणें त्यांस अप्रशस्त वाटतें.

बाजाराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. नवें कोरें कापड आणून, तें मुद्दाम विटवून, यंत्रावर धांवदोऱ्यासारखी शिवण मारून ‘वारशाची गोधडी’ म्हणून विकणें आतां सर्रास चालतें. व्यापारी व्यापार करील. त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. पण त्यानें हा शब्द उचलला तो कोणाच्या जिवावर ? ज्यांनीं कापड न पाहतां, टांका न पाहतां, केवळ ‘वारसा’ या शब्दास डोळ्यांतून पाणी आणण्याची संवय लोकांस लाविली, त्यांच्याच जिवावर. ज्या गिऱ्हाइकास खरा धांवदोरा ओळखावयास कोणी शिकविलें नाहीं, तें खोट्यास फसलें तर त्याचा दोष काय ? टीकाकार झोंपला म्हणजे बाजार जागा होतो.

तेव्हां टीकाकारांनीं काय करावें ? प्रथम जवळ जावें आणि पाठीमागची बाजू पाहावी. गोधडीचा खरेपणा पाठीवर कळतो. कापड कोणतें, कोठें झिजलेलें आणि त्या झिजेचें करणारीनें काय केलें, हें विचारावें. टांका थरांस धरून ठेवतो कीं वरच्यावर मिरवतो, तें पाहावें. कातर जेथें चालली तेथें ती चालविण्याजोगें कारण होतें काय, हें स्पष्ट लिहावें. एखादें अखंड राहण्याच्या योग्यतेचें जुनें वस्त्र निष्कारण फाडलें असेल, तर तसें म्हणण्यास कचरूं नये. करणारीचें नांव लिहावें. मजुरीनें शिवून घेतलें असेल तर जिनें शिवलें तिचेंही लिहावें. गीता खंडेलवाल यांनीं महाराष्ट्रांतील गोधड्यांवर इंग्रजींत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या विषयाची मराठी मासिकांतून त्या योग्यतेची चर्चा व्हावयास हवी होती, ती झाली असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या भाषेंत धांवदोरा, ठिगळ, धांदोटी, काठ, पदर आणि वाकळ हे शब्द जिवंत आहेत, त्या भाषेच्या टीकाकारानें दोन शब्दांवर भागवावें, ही भाषेची गरिबी नव्हे, त्याची आहे.

आणि वस्त्र करणाऱ्या भगिनींसही एक विनंती आहे. आपल्या कृतीखालीं आजीची गोष्ट लिहूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती आधीं कापडांत सांगून पाहा. ट्रंकेंत जें उरलें आहे तें थोडें आहे. त्यावर कातर लावण्यापूर्वीं हलक्या कापडावर हात बसवा. कोणी तुमच्या कामास नुसती मायेची ऊब म्हटलें, तर आभार मानून गप्प बसूं नका. चौथी ओळ कां वांकडी गेली आहे, आणि ती तशी कां ठेविली, हें त्यास विचारूं द्या. तो विचारीत नसेल तर तुम्हीं सांगा. दोष दाखविणारा वाचक मिळाल्यावांचून कोणतीही कला वयांत येत नाहीं.

टीकाकारांचें एक कर्तव्य मात्र आजच करतां येण्याजोगें आहे, आणि त्यास ग्रंथालयाची किंवा विलायतेची गरज नाहीं. आपापल्या घरांतील जुनी गोधडी उन्हांत पसरावी, तिच्या ओळी मोजाव्या, आणि ती कोणीं शिवली हें घरांतल्या वडील माणसांस आज विचारून ठेवावें. उद्यां तें नांव सांगणारें कोणी उरणार नाहीं.